चेंडू, मत आणि डॉक्टर सॉक्रेटिस

ग्रीक सॉक्रेटिसला लोकशाहीच्या अथेन्सने विषाचा पेला दिला, हे आपण सगळे शाळेत शिकलो. त्याच नावाचा दुसरा एक माणूस लष्करशाहीच्या ब्राझीलमध्ये लोकशाही मागत उभा राहिला आणि तीही फुटबॉलच्या मैदानावर, हे मात्र कुठल्या पाठ्यपुस्तकात माझ्या पाहण्यात आले नाही. मी सारा जन्म मुलांना इतिहास शिकवला. सनावळ्या, तह, लढाया, सुधारणांचे कायदे. खेळाला त्या पुस्तकांत जागा नव्हती. असलीच तर शेवटच्या पानावर, परीक्षेला न येणारी. पण विसाव्या शतकात दक्षिण अमेरिकेत हुकूमशाही कशी आली आणि कशी गेली, हे कुणी मला विचारले तर मी सेनापती आणि अध्यक्ष यांच्या आधी या दाढीवाल्या, उंच, सडपातळ खेळाडूचे नाव सांगेन. त्याच्या एकट्यामुळे ती गेली असे मुळीच नाही. पण ती जात असताना सामान्य माणसाच्या मनात काय चालले होते, हे त्याच्याइतके स्वच्छ दुसऱ्या कुणाच्या आयुष्यात दिसत नाही.

त्याचे पूर्ण नाव सॉक्रेटिस ब्राझिलेरो सांपायो दे सौझा व्हिएरा दे ऑलिव्हेरा. बेळगाव-गोव्याकडच्या माणसाला यातली निम्मी नावे शेजाऱ्याच्या दारावरच्या पाटीवर वाचल्यासारखी वाटतील. सौझा म्हणजे आपला डिसोझाच. पोर्तुगीजांनी तीच आडनावे एकीकडे मांडवीच्या काठी आणि दुसरीकडे अ‍ॅमेझॉनच्या मुखाशी नेऊन ठेवली. विश्वचषकाच्या दिवसांत गोव्यातल्या वाड्यावाड्यांवर ब्राझीलचे हिरवे-पिवळे झेंडे लागतात, त्यात त्या संघाच्या खेळाची मोहिनी मोठी. पण या ओळखीच्या नावांचाही थोडा वाटा असावा असे मला वाटते.

त्याचा जन्म १९ फेब्रुवारी १९५४ चा, अ‍ॅमेझॉनच्या मुखाजवळच्या बेलेम शहरातला. वडील रायमुंदो गरिबीतून वर आलेले. शाळा फारशी नशिबी नव्हती, पण पुस्तकांचे वेड जबर. स्वतःच्या हिमतीवर शिकून ते सरकारी नोकरीत चढले आणि घरात त्यांनी ग्रंथालय उभे केले. प्लेटो वाचून भारावलेल्या या माणसाने पहिल्या मुलाचे नाव सॉक्रेटिस ठेवले, मग सोस्तेनिस, मग सोफोक्लिस. तिथे ग्रीस संपला. धाकट्या तिघांची नावे रायमुंदो, रायमार आणि राई, म्हणजे बापाच्याच नावाच्या वळणावर. यातला शेंडेफळ राई पुढे १९९४ च्या विश्वविजेत्या ब्राझील संघात होता आणि स्पर्धेच्या सुरुवातीला त्याचा कप्तानही होता. म्हणजे थोरल्याला जो चषक कधी मिळाला नाही, तो धाकट्याच्या हाती आला.

बापाची बदली झाली आणि कुटुंब दक्षिणेला, साओ पावलो राज्यातल्या रिबेराव प्रेतो या गावी आले. इथेच १९६४ साल उजाडले. त्या वर्षी मार्चअखेरीस ब्राझीलच्या लष्कराने लोकनियुक्त अध्यक्ष जुआव गुलार यांना घालवून सत्ता घेतली. दहा वर्षांच्या सॉक्रेटिसने एके दिवशी पाहिले, की आपले वडील स्वतःच्या हाताने पुस्तके जाळताहेत. रशियन क्रांतीवरचे पुस्तक घरात सापडले तर नोकरी जाईल, कदाचित त्याहून जास्त काही जाईल, ही भीती. ज्या घरात पुस्तकाला देवघरातल्या मूर्तीचा मान, त्या घरात हे घडले. मोठेपणी हा प्रसंग तो पुन्हा पुन्हा सांगत असे. राजकारण म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळले, असा त्याच्या सांगण्याचा आशय असे. माझ्या वयाच्या वाचकांना जून १९७५ ते मार्च १९७७ हे दिवस आठवत असतील. कुणी कुठले मासिक माळ्यावर टाकले, कुणी पत्रांचा गठ्ठा चुलीत घातला. त्या एकवीस महिन्यांना एकवीस वर्षांपर्यंत ताणून पाहा, म्हणजे ब्राझीलचा अंदाज येईल.

मुलगा अभ्यासात हुशार निघाला आणि चेंडूवरही हुशार निघाला. आपल्याकडे अशा वेळी घरात काय बोलणे होते ते सांगायला नको. सॉक्रेटिसने दोन्ही केले. साओ पावलो विद्यापीठाच्या रिबेराव प्रेतो येथील वैद्यकीय महाविद्यालयात त्याने प्रवेश घेतला आणि त्याच वेळी गावातल्या बोताफोगो क्लबाकडून तो खेळू लागला. (रिओतला प्रसिद्ध बोताफोगो तो वेगळा.) सकाळी शवविच्छेदन, दुपारी वॉर्ड, आणि सराव जमेल तेव्हा. मोठे क्लब मागे लागले होते, पण पदवी हातात पडेपर्यंत तो हलला नाही. १९७७ मध्ये डॉक्टर झाला आणि १९७८ मध्ये साओ पावलो शहरातल्या कोरिंथियन्स क्लबात गेला. तेव्हापासून लोक त्याला 'डॉक्टर' म्हणू लागले, ते शेवटपर्यंत.

त्याच्या खेळाविषयी दोन शब्द सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, कारण त्याचा खेळ आणि त्याचा स्वभाव एकाच मातीचे होते. उंची सहा फूट चार इंचांच्या आसपास, अंगाने काटकुळा, चाल संथ. मधल्या फळीत, आघाडीच्या जरा मागे तो उभा असे. धावपळ करून चेंडू हिसकावणाऱ्यांतला तो नव्हता. सराव कमी पडल्यामुळे दम कमी, आणि इतक्या उंच देहाला झटकन वळणे अवघड. मग यावर त्याने काढलेला तोडगा म्हणजे चेंडू पायाशी ठेवायचाच नाही. येईल तसा एका स्पर्शात पुढे द्यायचा. आणि वळायला वेळ नसेल तर टाचेने मागे. ही टाच त्याची खूण झाली. समोरचे बचावपटू त्याच्या तोंडाकडे पाहत असत आणि चेंडू त्याच्या पाठीमागून निघून गेलेला असे. टाचेचा पास हा एरवी गंमत म्हणून, चाळे म्हणून मारला जातो. याच्या बाबतीत तो गरजेतून आलेला होता, म्हणूनच तो इतका बिनचूक बसे. पेनल्टीही तो पळत येऊन मारत नसे. चेंडूजवळ उभ्या उभ्या एक पाऊल, बस्स. १९८६ मध्ये याची किंमत द्यावी लागली. ते पुढे येईलच.

कोरिंथियन्स हा क्लब म्हणजे काय, हे कोल्हापूरकरांना चटकन समजेल. पाटाकडील आणि दिलबहार यांचा सामना असला की पेठाच्या पेठा मैदानावर लोटतात, आणि तालमीचा संघ हरला तर त्या रात्री घरात जेवण गोड लागत नाही. कोरिंथियन्स ही अशीच, पण अफाट पसरलेली तालीम. १९१० मध्ये साओ पावलोच्या बोम रेतिरो वस्तीतल्या रेल्वेच्या आणि इतर हातावर पोट असलेल्या कामगारांनी ती काढली. कष्टकऱ्यांचा, ईशान्येकडून पोटासाठी आलेल्यांचा हा क्लब. १९५४ नंतर तेवीस वर्षे राज्याचे मोठे विजेतेपद मिळाले नाही, तरी चाहते घटले नाहीत, उलट वाढले. १९७७ मध्ये तो दुष्काळ संपला. पुढल्या वर्षी डॉक्टर आला.

सुरुवातीला चाहत्यांशी त्याचे फारसे जमले नाही. गोल मारल्यावर हा नाचत नाही, उड्या मारत नाही, याचे त्यांना वैषम्य. पुढे त्याने गोलनंतर एक हात उंचावून मूठ वळायला सुरुवात केली आणि ती मूठ लोकांनी आपली मानली. सहा वर्षांत सुमारे तीनशे सामन्यांत १७२ गोल. मधल्या फळीत खेळणाऱ्याच्या मानाने हा आकडा केवढा, हे फुटबॉल पाहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

आता त्या काळचा ब्राझिलियन फुटबॉल कसा चालत होता ते पाहू. लष्करी राजवटीने खेळाचा उपयोग ओळखला होता. १९७० मध्ये पेलेच्या संघाने विश्वचषक जिंकला, तेव्हा तुरुंगांत छळ चालू असतानाच सरकारने त्या विजयाच्या मिरवणुकीत आपली पालखी घुसवली. राष्ट्रीय क्रीडासंघटनेच्या प्रमुखपदी पुढे एक नौदल अधिकारी बसला. सरकारी पक्षाची पकड ज्या प्रांतात ढिली होई, तिथल्या एखाद्या क्लबाला राष्ट्रीय स्पर्धेत घ्यायचे. मग लोक खूष. असे करत करत १९७९ च्या राष्ट्रीय स्पर्धेत ९४ संघ झाले! यावर तेव्हा ब्राझीलमध्ये म्हणच पडली होती.

आणि खेळाडू? टाळ्या त्याला मिळत, पण तो स्वतः क्लबाच्या मालकीचा. करार संपला तरी त्याचा 'पास', म्हणजे त्याला दुसरीकडे खेळू देण्याचा हक्क, क्लबाच्या तिजोरीत. क्लबाने सोडले नाही तर घरी बसायचे. ही पद्धत कायद्याने जायला १९९८ साल उजाडावे लागले आणि त्या कायद्याला नावही पेलेचेच मिळाले, कारण तेव्हा काही वर्षे तोच क्रीडामंत्री होता. याखेरीज 'कोन्सेन्त्रासाव' नावाचा प्रकार होता. सामन्याच्या आधी एक-दोन रात्री साऱ्या खेळाडूंना हॉटेलात कोंडून ठेवायचे. दारू नाही, बाई नाही, बायकोही नाही. तीस-बत्तीस वर्षांच्या, पोराबाळांच्या बापाला वसतिगृहातल्या पोरासारखे दिवे मालवून झोपवायचे. सॉक्रेटिसला याची चीड होती. जो माणूस स्वतः रात्री कधी झोपायचे हे ठरवू शकत नाही, तो देशाचे काय ठरवणार, हा त्याचा प्रश्न.

१९८१ मध्ये संघाची कामगिरी इतकी ढासळली, की राष्ट्रीय स्पर्धेत पुढल्या वर्षाची सुरुवात खालच्या गटातून करावी लागली. क्लबात सत्ताबदल झाला. नवे अध्यक्ष वाल्देमार पिरेस यांनी फुटबॉल विभाग अदिल्सन मोंतेरो आल्वेस या तरुणाकडे दिला. हा समाजशास्त्राचा पदवीधर. फुटबॉलचे व्यवस्थापन त्याने कधी केले नव्हते. त्याने पहिल्याच बैठकीत खेळाडूंना विचारले, की तुम्हांला काय वाटते? असे त्यांना यापूर्वी कुणी विचारलेच नव्हते. ती बैठक तासन्‌तास चालली म्हणतात.

त्यातून जे उभे राहिले त्याला 'कोरिंथियन्स लोकशाही' हे नाव मिळाले. जाहिरातक्षेत्रातल्या वॉशिंग्टन ऑलिव्हेतो याने ते नाव गाजवले. नियम साधा. क्लबाच्या फुटबॉल विभागातले जे काही ठरवायचे, ते मताने. सराव किती वाजता? मत. बस वाटेत कुठे थांबवायची? मत. नवा खेळाडू घ्यायचा का? मत. हॉटेलात कोंडून घ्यायचे की घरी झोपायचे? मत. सॉक्रेटिसचे एक मत आणि कपडे धुणाऱ्याचे, मालिश करणाऱ्याचेही एकच. १९८३ मध्ये तर प्रशिक्षक गेल्यावर संघातलाच ज्येष्ठ खेळाडू झे मारिया याला काही काळासाठी मताने प्रशिक्षक केले गेले. आपल्याकडच्या एखाद्या सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेला बसलेल्या माणसाला यातली कटकट लगेच कळेल. बसथांब्यावर मत घेणे हा पोरखेळ वाटेल. सॉक्रेटिसला तो पोरखेळ वाटत नव्हता. ज्या पिढीने मतपेटीवरचा विश्वास गमावला आहे, तिला सवय लावायची तर ती बसथांब्यापासूनच लावावी लागते.

या चळवळीचे श्रेय एकट्या डॉक्टरला देण्याची चाल पडली आहे, ती मला रुचत नाही. डावा बचावपटू व्लादिमिर हा त्याच्या बरोबरीचा. कृष्णवर्णीय, कामगार वस्तीतून आलेला, खेळाडूंच्या संघटनेचे काम करणारा. सॉक्रेटिस डॉक्टर होता. उद्या क्लबाने काढले तर दवाखाना होता. व्लादिमिरकडे पायांपलीकडे काही नव्हते, तरी तो बोलला. कोरिंथियन्सकडून त्याच्याइतके सामने आजवर कुणीच खेळलेले नाही, आठशेच्या वर. तिसरा कासाग्रांदे, तेव्हा अवघा एकोणीस वर्षांचा, लांब केसांचा, बंडखोर पोर. आणि विरोधही होता. १९८३ मध्ये आलेला गोलरक्षक एमर्सन लियाव याला हे सारे थोतांड वाटे आणि तो ते उघड बोलत असे. त्याला संघात घ्यायचे की नाही, यावरही सल्लामसलत आणि मतमोजणी झाली होती. विरोधकाला मताने घरात घ्यायचे आणि मग त्याची बोलणी खायची, हे लोकशाहीतच होऊ शकते.

मधल्या काळात १९८२ चा स्पेनमधला विश्वचषक आला. तेले सांताना प्रशिक्षक, सॉक्रेटिस कप्तान. झिको, फाल्काव, सेरेझो आणि हा. असे चौघे एका मधल्या फळीत पुन्हा एकत्र दिसलेले नाहीत, असे जाणकार म्हणतात. सोव्हिएत संघाविरुद्ध ब्राझील एका गोलाने मागे होता. सामन्याला पंधरा मिनिटे राहिली असता सॉक्रेटिसने दोघांना हुलकावणी देऊन लांबून असा चेंडू मारला, की तो वरच्या कोपऱ्यात शिरला. मग एडेरने दुसरा गोल केला. स्कॉटलंड ४-१, न्यूझीलंड ४-०, दुसऱ्या फेरीत विश्वविजेता अर्जेंटिना ३-१.

५ जुलै १९८२, बार्सिलोनाचे सारिया मैदान, समोर इटली. उपांत्य फेरीसाठी ब्राझीलला बरोबरी पुरेशी होती. पाचव्या मिनिटाला पावलो रोस्सीचा गोल. बाराव्या मिनिटाला झिकोने जेंतिलेला फिरवून चेंडू पुढे सोडला, सॉक्रेटिस उजवीकडून धावला आणि गोलरक्षक झोफ आणि जवळचा खांब यांच्यामधल्या चिंचोळ्या फटीतून त्याने चेंडू घातला. रेषेवरचा चुना उडाला. पुन्हा रोस्सी. ६८ व्या मिनिटाला फाल्कावने बरोबरी केली. आता नुसते चेंडू सांभाळत बसले असते तरी चालले असते. त्यांनी ते केले नाही. ७४ व्या मिनिटाला रोस्सीचा तिसरा. शेवटी ऑस्करने डोक्याने मारलेला चेंडू चाळीस वर्षांच्या झोफने रेषेवर दाबून धरला आणि २-३ असा निकाल लागला.

सुंदर खेळणारे हरले आणि रडीचा डाव खेळणारे जिंकले, अशी या सामन्याची कथा सांगितली जाते. मला ती पटत नाही. इटलीचा दुसरा गोल सेरेझोच्या निष्काळजी पासातून झाला आणि इटलीचे प्रतिहल्लेही देखणेच होते. खरी गोष्ट इतकीच, की ब्राझीलचा तो संघ एका प्रकारे खेळायला निघाला होता आणि हरतानाही त्याने तो प्रकार सोडला नाही. याला शहाणपण म्हणायचे की नाही, यावर आमच्या टिळकवाडीतल्या मंडळींत अजून वाद होतो.

हरून परतल्यावर कप्तानाने काय करावे? सॉक्रेटिसने निवडणुकीचा प्रचार केला. उमेदवाराचा नव्हे, मतदानाचा. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी राज्यांच्या गव्हर्नरांची थेट निवडणूक होती. अशी निवडणूक १९६५ नंतर प्रथमच. लोकांचा विश्वास नव्हता; मत देऊन काय होणार, असा सूर. कोरिंथियन्सचे खेळाडू पाठीवर '१५ तारखेला मतदान करा' असे छापलेले सदरे घालून मैदानात उतरले. तेव्हा सदऱ्यावर जाहिरात छापण्याची पद्धत ब्राझीलमध्ये नुकती सुरू होत होती. जिथे एखाद्या कंपनीचे नाव यायचे, तिथे हे आले. कुठल्या पक्षाला मत द्या, हे त्यात नव्हते, त्यामुळे कायद्याने पकडता येईना. तरी सरकारी क्रीडाधिकाऱ्यांनी डोळे वटारलेच. डिसेंबरात संघाने साओ पावलो राज्याचे विजेतेपद जिंकले. १९८३ च्या अंतिम सामन्यात संघ मैदानावर आला तो एक लांबलचक कापडी फलक धरून: जिंकू किंवा हरू, पण नेहमी लोकशाहीने. सॉक्रेटिसने गोल केला, विजेतेपद पुन्हा आले.

इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. ते जिंकत होते म्हणून हे चालले. ओळीने दहा सामने हरले असते, तर सदऱ्यावरची अक्षरे कुणी वाचली नसती. हे सॉक्रेटिसलाही ठाऊक असणार, म्हणून तर ज्याला सरावाचा कंटाळा होता तो या दोन वर्षांत इतके नेटाने खेळला.

१९८४ उजाडले आणि साऱ्या देशात एकच मागणी उठली: 'दिरेतास झा', अध्यक्षाची थेट निवडणूक, आत्ताच. दान्ते दे ऑलिव्हेरा नावाच्या तरुण खासदाराने तशी घटनादुरुस्ती मांडली होती. त्याच वेळी इटलीच्या फिओरेंतिना क्लबाने सॉक्रेटिसला मोठ्या रकमेचा देकार दिला. १६ एप्रिल रोजी साओ पावलोतल्या आन्यांगाबाऊ खोऱ्यात दहा लाखांहून अधिक माणसे जमली, असे सांगतात. व्यासपीठावरून सॉक्रेटिसने जाहीर केले, की ही दुरुस्ती मंजूर झाली तर मी देश सोडून जाणार नाही. फुटबॉलपटूने आपल्या पायांचा भाव घटनेच्या एका कलमाला बांधल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

२५ एप्रिल १९८४ रोजी मतदान झाले. दुरुस्तीच्या बाजूने २९८, विरुद्ध ६५. बहुमत प्रचंड, पण घटनादुरुस्तीला दोनतृतीयांश लागतात, म्हणजे ३२०. शंभराहून अधिक सभासद सभागृहाकडे फिरकलेच नाहीत. बावीस मते कमी पडली.

तो इटलीला गेला. दिलेला शब्द उलट्या बाजूनेही पाळायचा असतो.

फिओरेंतिनातले वर्ष वाईट गेले. थंडी, कडक शिस्त, सरावाचा जाच, आणि ज्याच्याशी काही बोलावे असे संघात फार कुणी नाही. ग्राम्शी मूळ इटालियनमध्ये वाचायला मी इथे आलो, असे त्याने पत्रकारांना सांगितल्याची कथा आहे. लीगचे २५ सामने, ६ गोल, आणि १९८५ मध्ये परत. तोवर ब्राझीलमध्ये लष्कर मागे हटले होते. अध्यक्ष थेट मताने नव्हे, तर निवडक मतदारमंडळातून निवडला गेला. तांक्रेदो नेव्हिस पदाची शपथ घेण्याआधीच आजारी पडून वारले आणि उपाध्यक्ष सार्नी गादीवर आले. कोरिंथियन्समध्येही अदिल्सनचा गट क्लबाची निवडणूक हरला. मताने आलेली लोकशाही मतानेच गेली. पुन्हा खोल्यांना कड्या लागल्या. डॉक्टर रिओला, फ्लामेंगोकडे गेला.

१९८६ च्या मेक्सिको विश्वचषकात तो बत्तीस वर्षांचा होता. दूरदर्शनने ती स्पर्धा दाखवली, त्यामुळे आपल्याकडे ज्यांनी सॉक्रेटिस पाहिला त्यांनी तो तेव्हाचा पाहिला: थकत चाललेला, कपाळाला पांढरी पट्टी. मेक्सिकोत आदल्या सप्टेंबरात भूकंपाने हजारो माणसे गेली होती. पहिल्या सामन्यात त्याच्या पट्टीवर लिहिले होते, मेक्सिको अजून उभा आहे. पुढच्या सामन्यांत हिंसेविरुद्ध, अन्यायाविरुद्ध शब्द येत गेले. आमच्या गल्लीत तेव्हा दोनच घरी टीव्ही होते. २१ जूनच्या रात्री साडेअकराला फ्रान्सविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना सुरू झाला, तेव्हा एका घराच्या सोप्यावर मराठी, कानडी, कोकणी अशी पंचवीस-तीस माणसे दाटीने बसली होती. कारेकाचा गोल झाला, पलातिनीने (त्या दिवशी त्याचा वाढदिवस होता) बरोबरी केली. नुकताच मैदानात आलेल्या झिकोची पेनल्टी बात्सने अडवली. जादा वेळ संपला, पेनल्टीचे फटके आले. पहिला सॉक्रेटिस. नेहमीसारखा उभ्या उभ्या, एक पाऊल. बात्सने हात लांब करून चेंडू बाहेर काढला. पुढे पलातिनीचाही फटका गोलावरून गेला, पण झुलियो सेझारचा चेंडू खांबाला लागला आणि फ्रान्स ४-३ ने जिंकला. धावत येऊन मारायला याला काय झाले होते, असे सोप्यावर कुणीतरी ओरडले. पोलंडविरुद्ध त्याच पद्धतीने त्याने गोल केला होता, तेव्हा त्याच माणसाने टाळ्या वाजवल्या होत्या.

ब्राझीलसाठी त्याचे साठ सामने आणि बावीस गोल झाले. त्यानंतरचे भराभर सांगतो. फ्लामेंगो, सांतोस, आणि शेवटी १९८९ मध्ये आपल्या गावच्या बोताफोगोत परत येऊन निवृत्ती. त्याच वर्षी ब्राझीलने अध्यक्षाला थेट मत दिले, एकोणतीस वर्षांनी. पुढे काही काळ डॉक्टरकी, थोडे प्रशिक्षण, वर्तमानपत्रे-साप्ताहिकांतून लेखन. एका मुलाचे नाव फिदेल. फुटबॉल संघटनेच्या कारभाऱ्यांवर तो जन्मभर तुटून पडला. नोव्हेंबर २००४ मध्ये, पन्नासाव्या वर्षी, इंग्लंडमधल्या गारफर्थ टाउन नावाच्या अगदी लहान क्लबासाठी तो बदली खेळाडू म्हणून काही मिनिटे उतरला. यॉर्कशायरच्या थंडीत, टोपी-हातमोजे घालून. कुणी याला विनोद म्हणाले. मला त्यात वाईट वाटण्याजोगे काही दिसत नाही. माणसाला खेळावेसे वाटले, तो खेळला.

वाईट वाटते ते दुसऱ्या गोष्टीचे. तो सिगारेट ओढे, बिअर पिई, आणि हे त्याने कधी लपवले नाही. खेळाडूला कोंडून ठेवू नका, तो शहाणा माणूस आहे, हे ज्याने साऱ्या देशाला पटवले, त्याला आपल्या हातातला पेला मात्र खाली ठेवता आला नाही. तो डॉक्टर होता. यकृताचे काय होते हे त्याला पुस्तकातून आणि शवविच्छेदनाच्या टेबलावरून ठाऊक होते. कोन्सेन्त्रासावचे समर्थक यावर बोट ठेवतात आणि म्हणतात, पाहा. मी त्यांच्याशी सहमत नाही. कोंडून ठेवलेल्यांतलेही कितीतरी पिऊन मेले, गॅरिंचा मेला. आणि त्यांना कुणी मत विचारले नव्हते. पण या माणसावर प्रेम करणाऱ्यांनी ही बाजू झाकून ठेवावी असेही मला वाटत नाही. त्याने स्वतः ती झाकली नाही. शेवटच्या महिन्यांत तो दारूविषयी मोकळेपणाने बोलला.

ऑगस्ट २०११ पासून पोटातल्या रक्तस्रावाने त्याला रुग्णालयात न्यावे लागत होते. ४ डिसेंबर २०११ रोजी, रविवारी पहाटे, साओ पावलोत तो गेला. वय सत्तावन्न. आपल्याला मरण रविवारी यावे आणि त्या दिवशी कोरिंथियन्स विजेते व्हावेत, असे तो तरुणपणी बोलून गेला होता म्हणतात.

त्याच दुपारी पाकाएम्बू मैदानावर राष्ट्रीय स्पर्धेतला शेवटचा सामना होता, कोरिंथियन्स विरुद्ध जुना वैरी पाल्मेरास. सामन्याआधी एक मिनिट स्तब्धता पाळली गेली. कोरिंथियन्सचे खेळाडू मध्यवर्तुळात उभे राहिले आणि साऱ्यांनी मूठ वळून हात वर केला. मैदानभर प्रेक्षकांचेही हात वर गेले. त्या अकरा जणांतले बरेचसे, डॉक्टर कोरिंथियन्समध्ये खेळत होता तेव्हा जन्मलेही नव्हते. सामना ०-० असा सुटला. विजेतेपदासाठी त्या दिवशी बरोबरी पुरेशी होती.